खबर दिली ती दहाव्या दिवशी : अभ्यासिका चालवणाऱ्या एका संस्थेतलं प्रकरण

अभ्यासिकेतल्या एका स्वयंसेवकाकडून मुलाच्या लैंगिक छळाचा संशय आल्यावर पोलिसांना खबर द्यायला संस्थेला दहा दिवस कसे लागले, त्याचं हे प्रकरण. ते खरं आहे. मुलगा, त्याचं घर, संस्था आणि शहर ओळखू येऊ नये म्हणून वयं, महिने, आकडे आणि काही तपशील बदलले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले ते मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण सगळा विषय त्या क्रमाचाच आहे. मी त्या संस्थेची नाही. गुन्हा नोंदवून तीन महिने झाल्यावर "आमचं कुठे चुकलं ते बघून द्या" म्हणून त्यांनी मला बोलावलं. मुलाच्या आईने आणि संस्थेने होकार दिल्यावरच हे लिहिते आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये ही संस्था संध्याकाळच्या नऊ अभ्यासिका चालवते. कुठे समाजमंदिरात, कुठे देवळाच्या सभामंडपात, कुठे महापालिका शाळेच्या उसन्या वर्गात. मुलं पाचवी ते दहावीतली. आया चार घरची धुणीभांडी करून सातला परत येतात, वडील रिक्षावर नाहीतर बांधकामावर. साडेपाच ते आठ या वेळात पोरं रस्त्यावर राहू नयेत, हा संस्थेचा मूळ विचार. प्रत्येक अभ्यासिकेला मानधनावर एक ताई, जागा उघडायला, झाडायला आणि खाऊ वाटायला वस्तीतलीच एक मावशी, आणि जमतील तसे स्वयंसेवक. मे महिन्यात चार दिवसांचं निवासी शिबिर.

लोक चांगले. हे मुद्दाम लिहिते, कारण असं प्रकरण वाचताना संस्थेत कुणीतरी दुष्ट किंवा बेफिकीर असणार, असं वाचणारा धरून चालतो. इथले विश्वस्त वीस वर्षं खिशातून पैसे घालत आले होते. "आम्ही एक कुटुंब आहोत" हे वाक्य मी पहिल्या दिवशी तीन जणांकडून ऐकलं आणि तिसऱ्या वेळी वहीत टिपून ठेवलं.

बालसुरक्षा धोरण संस्थेकडे होतं. एका देणगीदाराने मागितलं म्हणून पाच वर्षांपूर्वी तयार केलेलं, इंग्रजीत, बावीस पानी, सगळ्या विश्वस्तांच्या सह्या असलेलं. नवव्या पानावर दुसऱ्याच कुठल्या तरी संस्थेचं नाव तसंच राहिलं होतं. म्हणजे पाच वर्षांत नवव्या पानापर्यंत कुणीच पोचलं नव्हतं, देणगीदारसुद्धा. एकाही ताईने ते पाहिलेलं नव्हतं. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हे सत्र वर्षातून एकदा व्हायचं. त्या तासाला मुली आत बसायच्या आणि मुलांना चेंडू देऊन मैदानावर पाठवलं जायचं.

ज्यांच्याबद्दल हे प्रकरण आहे त्यांना सगळे 'दादा' म्हणत. वय तिशीच्या आत, खाजगी कंपनीत नोकरी. आधी शनिवार-रविवार येत, मग आठवड्यात चार दिवस येऊ लागले. आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवायचे आणि शिकवायचे चांगलं. ज्या वयाची पोरं अभ्यासिकेतून हमखास गळतात, ती यांच्यामुळे टिकली होती. येताना त्यांनी दुसऱ्या एका संस्थेचं शिफारसपत्र आणलं होतं. पोलीस पडताळणी झाली नव्हती. फुकट काम करणाऱ्याला दाखला कसा मागायचा, हा संकोच होता. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी आणि पूर्वचौकशी करायची असते. त्या नियमात शब्द कर्मचाऱ्याचा आहे, स्वयंसेवकाचा थेट उल्लेख नाही. पण संस्थेने त्या फटीचा फायदा घेतला असं म्हणता येणार नाही. नियम कुणाला माहीतच नव्हता.

अडचण कशी वाढत गेली

सगळ्यात आधी बोलली ती खाऊ वाटणारी मावशी. मार्च महिन्यात तिने ताईंना सांगितलं, "दादा रोज त्याच एका पोराला गाडीवर नेतात. बाकीची पण त्याच गल्लीत राहतात की." ताई हसल्या. "अहो मावशी, दादांचा जीव आहे पोरांवर." मावशी गप्प बसली. नंतर मला म्हणाली, "शिकलेल्या माणसाबद्दल आपण काय बोलायचं? कामावरनं काढलं तर?"

जूनमध्ये मुलाची आई समन्वयक बाईंना भेटली. दादांनी मुलाला बूट घेऊन दिले होते, मोबाइलचं रिचार्ज करून दिलं होतं. तिची तक्रार नव्हती, अवघडलेपण होतं. "पैसे कसे परत करायचे ते सांगा," एवढंच ती म्हणाली. बाई दादांशी बोलल्या. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की स्वतःचं बालपण असंच गेलं, म्हणून राहवत नाही. बाईंना ते पटलं. "पुढच्या वेळी संस्थेमार्फत द्या" यावर विषय संपला. कागदावर काहीच आलं नाही. मार्चमधलं मावशीचं बोलणं बाईंपर्यंत पोचलेलं नव्हतं, त्यामुळे दोन टोकं जुळण्याचा प्रश्नच नव्हता.

ऑगस्टमध्ये मुलगा यायचा थांबला. एका बुधवारी त्याच्या मित्राने ताईंना बाजूला घेतलं आणि स्वतःच्या मोबाइलवर एक स्क्रीनशॉट दाखवला. रात्री साडेअकराच्या पुढे दादांनी त्या चौदा वर्षांच्या मुलाला पाठवलेले संदेश होते. मजकूर इथे देत नाही. ताई म्हणाल्या, "दोन ओळी वाचल्या आणि फोन उलटा ठेवला."

हा पहिला दिवस धरू.

ताईंनी त्या क्षणी एक गोष्ट फार चांगली केली आणि एक चुकीची. चांगली ही की मित्राला खोदून खोदून विचारलं नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही," इतकंच म्हणाल्या. चूक ही की त्याने "कुणाला सांगणार नाही ना?" विचारल्यावर त्या "नाही रे" म्हणून गेल्या. पाळता येणार नाही असं वचन देऊन बसल्या. रात्रभर झोप आली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी समन्वयक बाईंना सांगितलं. मित्राने स्क्रीनशॉट त्यांच्या फोनवर पाठवला होता. तो त्यांनी बाईंना पाठवला, बाईंनी विश्वस्तांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. संध्याकाळपर्यंत मुलाचं नाव सात फोनांत पोचलं होतं.

शनिवारची बैठक आणि समोरचे पर्याय

चौथ्या दिवशी, शनिवारी, विश्वस्तांची तातडीची बैठक झाली. पाच विश्वस्त आणि समन्वयक बाई. इतिवृत्त नाही, पण प्रत्येकाशी मी वेगवेगळं बोलले आणि सगळ्यांच्या आठवणी बऱ्याचशा जुळल्या.

पहिला पर्याय : दादांना शांतपणे "उद्यापासून येऊ नका" सांगायचं. बाजूने बोलणारे दोघं. मुलाची बदनामी टळेल, संस्थेची टळेल, पोरं सुरक्षित होतील. खोलीतल्या बहुतेकांना मनातून हाच हवा होता, असं मला वाटतं. सनदी लेखापाल असलेल्या विश्वस्तांनी तेव्हा विचारलं, "आणि ते दुसरीकडे जाऊन शिकवायला लागले तर?" कुणीच उत्तर दिलं नाही. हा प्रश्न पुन्हा येणार आहे.

दुसरा : आपणच आधी चौकशी करायची. एका विश्वस्तांनी सुचवलं, "आपली अंतर्गत समिती आहेच की." ही गफलत मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की थांबून सांगते. ती समिती २०१३ च्या कायद्याखालची, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आहे. मुलांवरच्या गुन्ह्याची चौकशी हे तिचं काम नाही. मुलाला समोर बसवून तीन मोठ्या माणसांनी प्रश्न विचारणं म्हणजे त्याला तो अनुभव पुन्हा सोसायला लावणं, आणि पुढे न्यायालयात "संस्थेने पढवलं" म्हणायला आयती जागा करून देणं.

तिसरा : आईवडिलांना सांगायचं आणि ते म्हणतील तसं करायचं. ऐकायला हा सगळ्यात माणुसकीचा वाटतो. पण कायद्याने दिलेली जबाबदारी यात बाजूला पडते. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडण्याची शक्यता वाटते, अशा कुणीही विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचंच असतं. पालक तयार आहेत का, ही अट त्यात नाही. खात्री पटली पाहिजे, अशीही नाही.

चौथा : थेट पोलीस. बाजूने फक्त समन्वयक बाई, आणि त्याही ठाम नव्हत्या. वकील विश्वस्त म्हणाले, "खोटं निघालं तर अब्रुनुकसानीचा दावा लागेल." ते दिवाणी वकील, हा कायदा त्यांच्या रोजच्या कामातला नव्हता. कलम १९ मध्येच लिहिलं आहे की सद्‌भावनेने दिलेल्या माहितीबद्दल कुणावरही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. उलट खबर न दिल्यास कलम २१ लागू होतं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल खबर दिली नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे खोलीतले सगळे ज्या धोक्याला भीत होते तो जवळपास नव्हता, आणि जो होता तो कुणाला दिसत नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात खबर न दिल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा चालू केला आणि माहीत असून खबर न देणं हाच गंभीर गुन्हा आहे असं सांगितलं. बैठकीत हे कुणाला ठाऊक असतं तर चर्चा वीस मिनिटांत आटोपली असती. ती तीन तास चालली आणि दुसरा पर्याय ठरला.

निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या ज्येष्ठ विश्वस्तांकडे चौकशीचं काम आलं.

पाचवा ते नववा दिवस

रविवारी सकाळी सरांनी दादांना फोन केला. हेतू सरळ होता. चाळीस वर्षांच्या नोकरीत ते असेच वागले होते, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कुणाला दोष द्यायचा नाही. "तुमच्याबद्दल असं असं कानावर आलंय, तुमचं काय म्हणणं?" दादा म्हणाले, गैरसमज आहे, भेटून बोलतो.

भेटले नाहीत. दुपारपर्यंत त्यांनी संदेश आपल्या बाजूने सर्वांसाठी पुसले होते. मुलाच्या फोनवर तिथे फक्त 'हा संदेश काढून टाकला आहे' अशा रांगा उरल्या. मंगळवारी ते मुलाच्या काकांना भेटले आणि "पोरगा अभ्यासात मागे पडला म्हणून रागावलो, तर त्याने माझ्यावर कुभांड रचलं" असं सांगून आले. काकांनी पोराला मारलं.

यापुढे काही लिहिण्याआधी मला इथे थोडं रेंगाळायचं आहे. या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान त्या एका फोनने झालं, आणि तो फोन करणारा माणूस खोलीतला सगळ्यात न्यायी माणूस होता. दोन्ही बाजू ऐकणं हे शाळेतल्या भांडणात बरोबर आहे. इथे त्यामुळे आरोप असलेल्याला आधीच सूचना मिळाली, आणि ज्याच्या बाबतीत हे घडलं त्या मुलाला काहीच मिळालं नाही. त्याच्या आईला तर अजून कुणी सांगितलंही नव्हतं.

आठव्या दिवशी ती स्वतःच आली. काकांनी घरात घातलेल्या गोंधळातून तिला कळलं होतं. समन्वयक बाईंच्या समोर बसून ती म्हणाली, "तुम्हाला गुरुवारपासून माहीत होतं?" बाई मला म्हणाल्या, त्या प्रश्नापुढे सगळं धोरणबिरण फिकं आहे.

नवव्या दिवशी बाईंनी बालकल्याण समितीवर पूर्वी काम केलेल्या एका ओळखीच्या कार्यकर्तीला फोन लावला. तिने पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खबर कधी दिलीत?" "अजून दिली नाही." "मग आधी ती द्या. मुलाला परत काही विचारू नका. तो फोन जसा आहे तसा ठेवा, कुणी हात लावू नका. कुणी केव्हा काय पाहिलं ते तारीखवार लिहून काढा, आठवेल तेवढंच लिहा. विश्वस्तांची परवानगी लागत नाही, ही जबाबदारी तुमची स्वतःची आहे." हा सल्ला १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षातही मिळाला असता, पहिल्याच दिवशी. नंबर अभ्यासिकेच्या भिंतीवर होता, पण तो फक्त मुलांनी फिरवायचा असतो असं सगळे समजून चालले होते.

शेवटी काय केलं

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, समन्वयक बाई आणि ताई लेखी अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. मुलाची आई सोबत होती, वडील नव्हते. ते म्हणाले होते, पोराचं नाव गावभर होईल.

ठाण्यात पहिला प्रश्न आला तो असा : "मुलगा ना? मुलगी नाही?" बाईंनी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. पोक्सोत बालक म्हणजे अठरा वर्षांखालचं कुणीही, मुलगा असो की मुलगी. त्यानंतर मात्र काम नीट झालं, हे सांगायला हवं. महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत मुलाच्या मावशीच्या घरी आल्या, कारण मुलाने ती जागा निवडली होती, आणि जबाब तिथेच घेतला. कायद्यात असंच आहे : जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं, तसं कळवलं गेलं. समितीने आईच्या आणि मुलाच्या संमतीने एक सहायक व्यक्ती दिली. ठाणं, दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब, पुढच्या तारखा, या सगळ्यात ती बाई मुलाबरोबर राहिली. वडिलांना समजावण्याचं काम संस्थेतल्या कुणालाच जमलं नव्हतं, ते तिने तीन भेटींत केलं.

इकडे संस्थेने नऊही अभ्यासिकांत पालकांच्या बैठका घेतल्या. काय सांगायचं यावर वाद झाला. मुलाबद्दल अवाक्षर नाही, कोणत्या अभ्यासिकेतलं ते नाही, पण एका स्वयंसेवकाविरुद्ध आपणच पोलिसांत खबर दिली आहे आणि ती उशिरा दिली, एवढं सांगायचं ठरलं. 'उशिरा दिली' हे शब्द वकील विश्वस्तांना नको होते. समन्वयक बाईंनी ते तरीही उच्चारले.

परिणाम

गुन्हा नोंद झाला, अटक झाली, पुढे जामीन झाला, दोषारोपपत्र दाखल आहे. खटला विशेष न्यायालयात चालू आहे, म्हणून त्याबद्दल याहून जास्त लिहिणं योग्य नाही. संदेश पुसले गेल्यावर मित्राच्या फोनमधला तो एक स्क्रीनशॉट फार महत्त्वाचा ठरला, एवढं सांगता येईल. चौदा वर्षांच्या त्या पोराने तो का जपून ठेवला होता, असं मी विचारलं. तो म्हणाला, "वाटलं, मोठी माणसं पुरावा मागतील."

मुलगा त्या अभ्यासिकेत परत आला नाही. आता दहावीला आहे, मावशीकडे राहून शिकतो. ताई महिन्यातून एकदा आईला भेटतात, मुलाला वाटलं तर तोही येऊन बसतो. वडील संस्थेच्या कुणाशी बोलत नाहीत. दोन अभ्यासिकांतली मुलं कमी झाली, त्यातली बरीच चार-पाच महिन्यांत परतली.

भिंतीवरचं एक पान आणि संडासाची कडी

बावीस पानी धोरण बाजूला ठेवून ताई आणि मावश्यांनी दोन शनिवार बसून मराठीत एक पान तयार केलं. मी फक्त प्रश्न विचारत होते. भांडणं खूप झाली आणि ती ऐकण्यासारखी होती.

गाडीचा नियम घ्या. "कुठल्याही मुलाला एकट्याला गाडीवर न्यायचं नाही" यावर एक ताई उसळल्या, "पाऊस कोसळतोय, पोरगी एकटी राहिलीय, आई सातला येणार. मी तिला तिथे सोडून जाऊ?" शेवटी ठरलं की अशा वेळी आधी समन्वयकांना फोन करायचा, घरी कळवायचं आणि दुसऱ्या दिवशी वहीत लिहायचं. उघडपणे घडलेली गोष्ट आणि लपून घडलेली गोष्ट यांतला फरक त्या फोनने पडतो. तसंच लहान मुलांचं. "पाचवीतली पोरं येऊन बिलगतात, त्यांना काय ढकलायचं?" नाही. मूल बिलगलं तर हरकत नाही, आपण ओढून घ्यायचं नाही, आणि सगळ्यांच्या देखत. संदेश फक्त गटावर, गटात ताई हव्यातच. भेटवस्तू संस्थेच्या नावाने. शिबिरात मुलांच्या खोलीत मोठ्या माणसाने एकट्याने झोपायचं नाही.

पोलीस पडताळणी आता स्वयंसेवकांचीही होते. त्याबद्दल मी त्यांना सावध केलं. दाखल्याचा अर्थ एवढाच, की त्या माणसावर गुन्हा नोंदलेला आढळला नाही. दादांचाही दाखला कोरा करकरीत आला असता. मग आधीच्या संस्थेला फोन करून विचारायचं, आणि विचारायचं ते थेट : "या माणसाला तुम्ही पुन्हा मुलांमध्ये पाठवाल का?"

स्पर्शाच्या सत्रात आता मुलगेही बसतात. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या साडेबारा हजारांच्या आसपास मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लैंगिक अत्याचाराला तोंड दिल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये मुलगे ५२.९४ टक्के होते, म्हणजे निम्म्याहून जास्त. इतकी वर्षं हा आकडा उपलब्ध आहे आणि आपण पोरांच्या हातात चेंडू देतो.

दोन जबाबदार व्यक्ती नेमल्या, त्यातली एक संस्थेच्या बाहेरची, कारण उद्या तक्रार समन्वयकांबद्दलच असली तर कुठे जायचं? आणि प्रत्येक अभ्यासिकेत एक तक्रारपेटी आली. पेट्यांवर माझा फारसा विश्वास नाही, बहुतेक ठिकाणी त्यात चॉकलेटचे कागद निघतात. इथे पहिल्या आठवड्यात एका अभ्यासिकेच्या पेटीत चौदा चिठ्ठ्या निघाल्या आणि त्यांतल्या अकरांवर एकच मजकूर : संडासाला कडी नाही. समन्वयक बाई निराश झाल्या. मी म्हटलं, आधी कडी लावा. चौथ्या दिवशी कडी लागली. तिसऱ्या आठवड्यात त्याच पेटीत एका मुलीची चिठ्ठी आली, अभ्यासिकेतली नव्हे, घराशेजारच्या एका माणसाबद्दलची. त्या वेळी खबर दुसऱ्या दिवशी सकाळी दिली गेली.

वेगळं काय करता आलं असतं

सरांनी राजीनामा दिला होता. विश्वस्तांनी मला मत विचारलं तेव्हा मी म्हटलं, घेऊ नका. तो फोन का चुकला हे नव्या ताईंना सगळ्यात चांगलं तेच समजावू शकतील. ते आता प्रशिक्षणात पहिला अर्धा तास स्वतःच्या चुकीवर बोलतात. सगळ्यांना हे पटलेलं नाही. मुलाच्या आईला तर अजिबात नाही, आणि तिचं म्हणणं मी खोडू शकत नाही.

ताईंना पहिल्या दिवशी असं म्हणता आलं असतं : "मी हे माझ्यापाशी ठेवू शकणार नाही, पण ज्यांना सांगितल्याने त्याला मदत होईल त्यांनाच सांगेन." स्क्रीनशॉट पुढे न पाठवता कोणाच्या फोनवर, किती वाजता, काय पाहिलं हे कागदावर लिहून खबर देता आली असती. आईला पोलिसांत जायच्या आधी, त्याच दिवशी, घरी जाऊन सांगता आलं असतं. हे सगळं आठ दिवस वाचवणारं आहे.

पण मार्चचं काय? मावशीने सांगितलं तेव्हा गुन्हा म्हणावं असं काही समोर नव्हतं, पोलिसांत जाण्याचा प्रश्नच नव्हता. अशा गोष्टींसाठी आता 'बारीकसारीक वही' आहे. जे पाहून मनात खटकलं ते त्यात लिहायचं, आरोप म्हणून नव्हे, नोंद म्हणून. समन्वयक महिन्यातून दोनदा सगळ्या वह्या एकत्र वाचतात. मावशीला लिहिता येत नाही, ती सांगते आणि ताई लिहितात. मी शेवटची वही पाहिली तेव्हा तिच्या नावावर नऊ नोंदी होत्या. सात अगदीच किरकोळ होत्या, एकीवरून एका नव्या स्वयंसेवकाशी बोलणं झालं होतं, आणि एक माझ्याबद्दल होती : बाहेरच्या बाई आल्या, पोरांचे फोटो काढले, विचारलं नाही. मी ते फोटो पुसले.

अहवाल देण्याच्या आधी समन्वयक बाईंनी एक फोन केला, जो तीन वर्षांपूर्वी करायचा राहिला होता. ज्या संस्थेचं शिफारसपत्र दादांनी आणलं होतं तिथे. तिकडच्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "आम्हालाही जरा वाटलं होतं. म्हणून आम्ही त्यांना पुढच्या शिबिराला बोलावलं नाही. पत्र मागितलं, तेव्हा नाही कसं म्हणायचं?" बाईंनी त्यांचं नाव आणि नंबर तपास अधिकाऱ्यांना दिला.